चौथे शील आणि आलेखांची भाषा

पंचशील ग्रहण करताना आपण चौथ्या शीलात खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा करतो. ही प्रतिज्ञा जिभेपुरती आहे अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु आजचा माणूस जिभेने जितके बोलतो, तितकेच तो कागदावरून आणि पडद्यावरूनही बोलतो; आणि तेथे तो आकड्यांनी व चित्रांनी बोलतो. वर्तमानपत्र उघडा, क्लासची जाहिरात पाहा, निवडणुकीचे पत्रक पाहा, कोठे ना कोठे उभे स्तंभ किंवा चढत जाणारी रेघ दिसतेच. अशा आलेखांतील प्रत्येक आकडा खरा असूनही वाचणारा फसू शकतो. मग आलेख काढणाऱ्याने शील पाळले की मोडले? वरवर हा प्रश्न गणिताचा वाटेल. आमच्या मते तो मुळात शीलाचा आहे, आणि आपल्या समाजाच्या तर अगदी जिव्हाळ्याचा आहे.

मुसावादाची चार अंगे पाली अट्ठकथांमध्ये सांगितली आहेत. गोष्ट असत्य असणे, फसविण्याचा हेतू मनात असणे, त्या हेतूने केलेला प्रयत्न असणे आणि समोरच्याला तो अर्थ कळणे. हा प्रयत्न वाणीचाच असला पाहिजे असेही नाही. शरीराच्या खुणेनेसुद्धा मुसावाद घडतो असे तेथे मानले आहे. वाटसरूने रस्ता विचारला आणि आपण तोंडातून शब्द न काढता चुकीच्या दिशेला बोट दाखविले, तर आपण खोटे बोललोच.

आता कोणी म्हणेल, आलेखातील आकडे खरे आहेत, म्हणजे पहिले अंगच नाही, मग मुसावाद कसला? हा युक्तिवाद चतुर आहे, पण टिकणारा नाही. आलेख पाहणारा आधी आकडा वाचत नाही. तो स्तंभाची उंची पाहतो, रेघेचा चढ पाहतो, वर्तुळातील फोडीचा आकार पाहतो. आलेखाची भाषा ती आहे. स्तंभ दुप्पट उंच असेल तर तो ‘दुप्पट’ असे म्हणतो, शेजारी बारीक अक्षरात काहीही छापलेले असो. उंचीने खोटे सांगायचे आणि अक्षराने खरे लिहून ठेवायचे, हे त्या बोट दाखविण्यासारखेच झाले.

यातले अंतर मोजताही येते. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ साली आलेखांवरील आपल्या ग्रंथात एक साधा हिशेब दिला. चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली खरी वाढ. उत्तर एकच्या आसपास आले तर चित्र प्रामाणिक. त्याने दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७८ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोटारगाड्यांच्या इंधनाविषयी एक चित्र आले होते. गाडीने एका गॅलनमध्ये १९७८ साली १८ मैल जावे आणि १९८५ पर्यंत हा आकडा साडेसत्तावीसवर न्यावा, असा तो सरकारी दंडक होता. म्हणजे वाढ ५३ टक्के. पण चित्रात रस्ता दूरवरून जवळ येताना काढला होता, आणि त्यावर १८ साठी सहा दशांश इंचाची रेघ होती, तर साडेसत्तावीससाठी पाच पूर्णांक तीन दशांश इंचाची. रेघेची वाढ ७८३ टक्के भरते! भागाकार केला तर जवळजवळ पंधरा येतात. आकडे दोन्ही खरे, दोन्ही छापलेले. तरी चित्र पंधरापट फुगलेले. चित्रकाराचा हेतू काय होता ते आम्ही सांगू शकत नाही, आणि हेतूशिवाय मुसावाद होत नाही हेही खरे. पण वाचणाऱ्याच्या मनात जे उतरले ते मात्र खोटेच होते.

आता घरचे उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार २००१ साली देशात बौद्धांची संख्या ७९,५५,२०७ होती आणि २०११ साली ती ८४,४२,९७२ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ४ लाख ८८ हजारांची, ६.१ टक्क्यांची वाढ. याच काळात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली. त्यामुळे एकूण लोकसंख्येतील आपला वाटा ०.७७ टक्क्यांवरून ०.७० टक्क्यांवर आला. संख्या वाढली आणि वाटा घटला, दोन्ही विधाने खरी. ज्याला टाळ्या घ्यायच्या आहेत तो संख्येचा आलेख काढील. ज्याला ‘धम्मचळवळ संपत चालली’ असे म्हणायचे आहे तो वाट्याचा काढील, आणि उभा अक्ष शून्याऐवजी ०.६५ पासून सुरू करील. म्हणजे २००१ चा स्तंभ २०११ च्या स्तंभाच्या दुपटीहून उंच दिसेल. प्रत्यक्षात त्यांच्यात दहा टक्क्यांच्या आतलाच फरक आहे. स्तंभालेखात लांबीचीच तुलना असते, म्हणून स्तंभाचा पाया कापणे ही गंभीर बाब समजली पाहिजे. अक्षाचा मधला भाग वगळला तर तेथे अक्षसंकोचाची नागमोडी खूण करावी, असे आपल्या मुलांना शाळेत शिकवितात. जाहिरातवाले मात्र ही खूण हटकून विसरतात.

शून्यापासून सुरुवात हा नियम मात्र आंधळेपणाने लावू नये. दवाखान्यात रोग्याच्या पलंगाला तापाचा कागद लावलेला असतो. त्याचा अक्ष शून्यापासून काढला तर १०४ अंश ताप आणि नॉर्मल ताप यांच्या रेघा जवळजवळ सारख्याच दिसतील, आणि डॉक्टर फसतील. तेथे खालचा भाग वगळणे हेच सत्याला धरून आहे. तेव्हा नियम पाठ करून भागत नाही. या चित्रामुळे पाहणाऱ्याला खरा फरक कळेल की खोटा, हे विचारावे लागते.

अक्षाची लबाडी निदान डोळ्यांना दिसते. आमच्या मते त्याहून घातक लबाडी व्याख्येची आहे, कारण ती चित्रात दिसतच नाही. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची लोकसंख्या १९८१ च्या जनगणनेत सुमारे ४४ लाख ८० हजार होती. १९९१ साली ती सुमारे ८७ लाख ५८ हजार नोंदली गेली. राज्याच्या लोकसंख्येतील प्रमाण ७.१ टक्क्यांवरून ११.१ टक्के झाले. हे दोन स्तंभ शेजारी शेजारी काढा, पाया शून्यावर ठेवा, प्रमाण अचूक ठेवा. टफ्टीच्या हिशेबाने चित्र निर्दोष ठरेल. आणि पाहणारा काय म्हणेल? दहा वर्षांत दुप्पट! राज्याची लोकसंख्या तेवढ्या काळात सव्वापटच झाली, मग यांचीच एवढी कशी वाढली? पुढचे शेरे आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेले आहेत, ते येथे लिहीत नाही.

खरे कारण सभासदांपैकी ज्येष्ठांना ठाऊक आहे, विद्यार्थ्यांसाठी सांगतो. १९५० च्या आदेशानुसार हिंदू, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर शीख, एवढ्याच धर्मांतील व्यक्तीला अनुसूचित जातीची समजले जाई. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. महाराष्ट्राच्या आजच्या प्रदेशात १९५१ साली बौद्धांची नोंद अवघी २,४८७ होती, ती १९६१ साली २७,८९,५०१ झाली. पण जनगणनेत ज्याने धर्म बौद्ध लिहिला, तो अनुसूचित जातींच्या बेरजेतून बाहेर पडला. माणूस तोच, वस्ती तीच, दारिद्र्य तेच, फक्त रकाना बदलला. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश केला आणि पुढच्याच वर्षी जनगणना झाली. चौतीस वर्षे बेरजेबाहेर राहिलेली माणसे पुन्हा बेरजेत आली. त्या स्तंभाची उंची वाढली ती प्रामुख्याने त्यामुळे. दोन स्तंभांच्या मध्ये ‘१९९० पासून बौद्धांचा समावेश’ एवढे चार शब्द लिहिले तर आलेख खरा होतो, न लिहिले तर तो एका संपूर्ण समाजाविषयी द्वेष पसरवितो. माहीत असून ते चार शब्द गाळणारा मनुष्य आम्ही चौथ्या शीलाचा भंग करणाराच समजतो.

दुसरे असेच उदाहरण साक्षरतेचे आहे, आणि ते आपल्या बाजूचे असल्यामुळे अधिक अवघड आहे. अनुसूचित जातींचे साक्षरतेचे प्रमाण १९६१ साली १०.२७, १९७१ साली १४.६७, १९८१ साली २१.३८, १९९१ साली ३७.४१, २००१ साली ५४.६९ आणि २०११ साली ६६.०७ टक्के. हा तक्ता स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत आणि जयंतीच्या भाषणांत सर्रास येतो. त्याची रेघ काढली की १९८१ नंतर ती एकदम उसळी घेते, आणि वक्ते त्या उसळीची कारणे सांगू लागतात. परंतु पहिले तीन आकडे एकूण लोकसंख्येवर, म्हणजे तान्ह्या मुलांसकट सर्वांवर काढलेले आहेत. पुढचे तीन सात वर्षे व त्यावरील लोकांवर काढलेले आहेत. भाजकच बदलला! सर्व भारतीयांसाठी याचा परिणाम नेमका दाखविता येतो. १९८१ चे प्रमाण पहिल्या रीतीने ३६.२३ टक्के येते आणि दुसऱ्या रीतीने ४३.५७ टक्के. १९९१ चे ५२.२१. म्हणजे रीत न सांभाळता तुलना केली तर दहा वर्षांत सोळा टक्क्यांची झेप, आणि सांभाळून केली तर साडेआठ टक्क्यांच्या आसपास. जवळपास निम्मी झेप केवळ भागाकाराची. प्रगती झाली हे निर्विवाद आहे. पण जेवढी झाली तेवढीच सांगावी. आपल्या अभिमानाच्या आकड्याला आपणच चाळणी लावली नाही, तर दुसऱ्याच्या आकड्यावर आक्षेप घेण्याचा आपला अधिकार उणा पडतो.

काळाचा तुकडा कोठून कापायचा, यातही मोठी गंमत असते. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना लोक गुंतवणुकीची गुळगुळीत पत्रके आणून दाखवितात आणि विचारतात, ‘साहेब, पैसे टाकू का?’ पत्रकावर रेघ डावीकडून उजवीकडे चढतच गेलेली असते. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या आसपास उतरला होता आणि नोव्हेंबर २०१० मध्ये एकवीस हजारांच्या जवळ पोहोचला. येथून रेघ सुरू करा, वीस महिन्यांत पैसे अडीचपट. पण जानेवारी २००८ मध्येही तो एकवीस हजारांच्या जवळच होता. तेथून रेघ सुरू करा, जवळजवळ तीन वर्षांत वाढ काहीच नाही, आणि मध्ये निम्म्याहून खाली कोसळण्याची धास्ती. बाजार एकच, आकडे तेच. निवृत्त शिपायाच्या फंडाची रक्कम कोठे जाणार हे त्या रेघेच्या पहिल्या टिंबावर ठरते. म्हणून पत्रक आणणाऱ्याला आम्ही एवढेच सांगतो की, रेघ जेथे सुरू होते त्याच्या अलीकडे काय झाले ते आधी विचारून या.

या युक्त्या ओळखायला शिकविणारे पुस्तक डॅरेल हफ या लेखकाने १९५४ साली लिहिले. आकड्यांनी खोटे कसे बोलावे, असे उपरोधिक नाव असलेले ते पुस्तक जगभर खपले आणि आजही वाचले जाते. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. पण त्याच हफने १९६५ साली अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे तंबाखू उद्योगाच्या बाजूने साक्ष दिली आणि सिगारेटमुळे रोग होतात हे दाखविणाऱ्या आकडेवारीवर संशय निर्माण केला. युक्त्या माहीत असणे ही प्रज्ञा नव्हे, असे त्यामुळे आम्हांस वाटते. शीलावाचून ते ज्ञान कोणाच्याही पगारावर काम करू शकते.

याउलट एक उदाहरण आहे, ज्याचा बाबासाहेबांशी थेट संबंध येतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली होती, आणि डु बॉईस यांनी त्याच महिन्यात उत्तर दिले. हे डु बॉईस १९०० साली अटलांटा विद्यापीठात प्राध्यापक होते. त्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन साठच्या आसपास आलेख हाताने रंगवून तयार केले. गुलामगिरी संपून पस्तीस वर्षे झालेल्या समाजाची स्थिती जगापुढे मांडायची होती. जमीन, शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, सगळे त्यात होते.

त्यातील जॉर्जिया राज्यातील निरक्षरतेचा आलेख आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. १८६० साली निरक्षर ९९ टक्के, १८७० साली ९२.१, १८८० साली ८१.६, १८९० साली सुमारे ६७. आणि १९०० पुढे त्यांनी ५० टक्के लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. तो आकडा अंदाजाचा होता. प्रदर्शन परदेशात, पाहणारे बहुतेक गोरे, बाजू आपल्या माणसांची. प्रश्नचिन्ह गाळले असते तर कोणी पकडले नसते. तरी ते ठेवले. दुसऱ्या एका आलेखात ग्रामीण लोकसंख्येचा स्तंभ कागदावर मावेना म्हणून त्यांनी तो गोल गोल वळवून काढला. दिसायला सुंदर, पण त्याची लांबी शेजारच्या स्तंभाशी ताडून पाहणे डोळ्याला कठीण. आकडे शेजारी स्वच्छ लिहिले असल्यामुळे तो दोष आम्ही मोठा मानीत नाही, परंतु आजच्या विद्यार्थ्याने तसा आलेख काढू नये.

बाबासाहेबांनी आलेखांपेक्षा तक्ते वापरले, आणि भरपूर वापरले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत अस्पृश्यांसाठी राखीव असलेल्या १५१ जागांपैकी ७८ काँग्रेसने जिंकल्या होत्या. निम्म्याहून अधिक जागा, म्हणजे अस्पृश्य समाज काँग्रेसच्या मागे, असा अर्थ सहज निघतो. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात प्रांतवार तक्ते मांडून प्रश्न बदलला. या जागा कोणाच्या मतांनी जिंकल्या? संयुक्त मतदारसंघात अस्पृश्येतर मतदारांची संख्या मोठी, त्यामुळे निवडून आलेला उमेदवार अस्पृश्यांच्या मतांनी आला असे होत नाही. जागांचा आकडा खरा होता, त्यावरून काढलेला अर्थ खोटा होता. ७८ नाकारण्यात त्यांनी वेळ घालविला नाही, त्या ७८ च्या मागची मते त्यांनी मोजायला घेतली. आमच्या विद्यार्थ्यांनी या ग्रंथातील तक्ते नुसते चाळू नयेत, वहीत उतरवून पाहावेत.

आता पुढचे. २०२१ ची जनगणना लांबली आणि जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला. या वेळी जातींचीही गणना व्हायची आहे. आकडे आले की आलेखांचा पूर येईल, आणि त्यांतील पुष्कळसे आपल्याविषयी असतील. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात जात, अशी नोंद किती घरांत नीट होते यावर पुढच्या स्तंभांची उंची राहील; १९९१ ची कथा सांगितली ती यासाठीही. प्रगणक दारी येईल तेव्हा घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने शेजारी बसावे, आणि लिहिलेले वाचून घ्यावे.

आणि आपल्यापैकी जो कोणी विहाराच्या फलकासाठी वा पुढच्या स्मरणिकेसाठी आलेख काढील त्याला एक सूचना. १९९१, २००१, २०११ ही टिंबे दहा दहा वर्षांच्या अंतराने आहेत. त्यापुढचे टिंब सोळा वर्षांनी येणार आहे. ते आधीच्यांइतक्याच अंतरावर ठेवले तर सोळा वर्षांची वाढ दहा वर्षांची भासेल आणि रेघ उगाच उभी चढेल. आडव्या अक्षावर दहा वर्षांना पाच सेंटीमीटर घेतले असतील, तर तेथे आठ सेंटीमीटर सोडावेत.